फोटोवरून जलरंगचित्र: संगणकावर काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका क्लिकवर फोटोचं जलरंगचित्र होतं का?

होतं, पण ते बघणाऱ्याला पटत नाही. फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीत 'आर्टिस्टिक' गटात 'वॉटरकलर' नावाचा फिल्टर कित्येक वर्षांपासून आहे. त्यात तीनच स्लायडर आहेत: ब्रश डिटेल १ ते १४, शॅडो इंटेन्सिटी ० ते १० आणि टेक्श्चर १ ते ३. शॅडो इंटेन्सिटी ० वर आणली तरी सावल्या काळवंडतात आणि चित्र जड होतं. खऱ्या जलरंगात गडद भागसुद्धा पारदर्शक असतो, खालचा कागद त्यातून उजळत राहतो. शिवाय फिल्टर सगळ्या चौकटीला एकाच मापाने हाताळतो. आभाळाला जे केलं तेच डोळ्याच्या बाहुलीला. चित्रकार असं कधीच करत नाही. तो आभाळ दोन फटकाऱ्यांत सोडून देतो आणि बाहुलीपाशी श्वास रोखून थांबतो.

फिल्टर टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पुढे सांगितलेल्या पद्धतीत तो एखाद्या थरासाठी कामाला येतो. पूर्ण चित्र मात्र त्याच्यावर सोपवू नका.

मग जलरंग नेमका ओळखू कशावरून येतो?

सगळं काम याच उत्तरावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिली खूण म्हणजे पांढरा रंग हा कागदाचा असतो. चमक, ढगाची कड, पाण्यावरची तिरीप, हे सगळं न रंगवता सोडलेलं असतं. दुसरी खूण पारदर्शकता. एक थर वाळल्यावर त्यावर दुसरा दिला की दोन्ही दिसतात आणि मिळून गडद होतात. तिसरी खूण म्हणजे रंगाच्या डबक्याची कड मध्यापेक्षा गडद वाळते. यामागे साधं विज्ञान आहे. थेंबाची कड कागदाला धरून बसते आणि तिथलं पाणी लवकर उडून जातं. ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि आपल्याबरोबर रंगद्रव्य घेऊन जातं. सांडलेल्या कॉफीचा डाग वाळल्यावर कडेला गडद कडं उरतं, तेही याच कारणाने. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात या डागाचा खुलासा प्रसिद्ध झाला.

चौथी खूण दाणेदारपणा. अल्ट्रामरीनसारख्या निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, म्हणून तो रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. थॅलो निळ्याचे कण फार बारीक असतात, तो सपाट बसतो. पाचवी खूण म्हणजे अर्धवट वाळलेल्या रंगात जास्तीचं पाणी शिरलं की उठणारे झालरीसारखे डाग. आणि सहावी, कोरड्या कुंचल्याचा फटकारा. तो कागदाच्या उंचवट्यांनाच लागतो आणि मधे पांढरे बिंदू राहतात.

गंमत म्हणजे संगणकशास्त्रज्ञांनीही साधारण हीच यादी केली होती. १९९७ च्या सिग्राफ या संगणकचित्रांवरच्या परिषदेत संगणकनिर्मित जलरंगावरचा जो निबंध आला, त्यात गडद कडा, पाण्याचे डाग, दाणेदारपणा, ओल्यातला प्रवाह, थरांवर थर आणि कोरडा कुंचला हेच परिणाम वेगवेगळे करून मांडले होते. तुम्ही कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, मी वर सांगितलेल्या सहांपैकी किमान तीन खुणा चित्रात दिसल्या पाहिजेत. पहिली, म्हणजे कागदाचा पांढरा, दिसली नाही तर बाकीच्या पाच असूनही ते छापील चित्रासारखं वाटतं.

कोणता फोटो निवडावा?

ज्यात उजेड एका बाजूने आला आहे आणि डोळे बारीक करून पाहिलं तरी आकार कळतात असा. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत सावल्याच नसतात, त्यावर कितीही मेहनत केली तरी चित्र सपाट राहतं. दाट पानांचं जंगल किंवा गर्दी टाळा, निदान सुरुवातीला तरी. खिडकीजवळ ठेवलेली बरणी, नावेची बाजू, भिंतीवर पडलेली झाडाची सावली असे विषय घ्या.

निवडल्यावर लगेच सॉफ्टवेअर उघडू नका. फोटोकडे बघून कागदावर लिहा: काय पूर्ण गाळायचं, काय धूसर ठेवायचं आणि डोळा शेवटी कुठे थांबायला हवा. मी ही तीन वाक्यं लिहिल्याशिवाय काम सुरू करत नाही. जी चित्रं फसली ती बहुतेक या पायरीवर घाई केलेलीच होती.

त्याच आकड्यांनी एका फोटोवर छान परिणाम येतो, दुसऱ्यावर काहीच दिसत नाही. असं का?

कारण बहुतेक फिल्टर पिक्सेल मोजतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. त्यावर १० पिक्सेल त्रिज्येचा मीडियन फिल्टर (आजूबाजूच्या पिक्सेलांतली मधली छटा घेऊन तपशील पुसणारा) जेमतेम कळतो. तोच आकडा १५०० पिक्सेल रुंद फोटोवर वापरला तर चेहऱ्याचा गोळा होतो. म्हणून आधी फोटोचा आकार ठरवा, मग फिल्टर लावा. पडद्यासाठी असेल तर लांब बाजू ३००० पिक्सेल पुरते. छापायचं असेल तर छपाईच्या आकाराचा हिशोब सुरुवातीलाच करा, तो पुढे दिला आहे. इथून पुढचे माझे आकडे ३००० पिक्सेल रुंद फोटोसाठी आहेत.

फोटोशॉपमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करायचं?

खरा जलरंग फिकटाकडून गडदाकडे आणि मोठ्या आकाराकडून बारीक आकाराकडे जातो. तोच क्रम इथे पाळायचा.

सगळ्यात खाली एक नवा लेयर घ्या आणि तो कागदाच्या रंगाने भरा. शुद्ध पांढरा नको, किंचित उबदार पांढरा घ्या, उदाहरणार्थ लाल २५०, हिरवा २४७, निळा २४०. फोटोचा लेयर त्याच्या वर आणा आणि स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बदला, म्हणजे लावलेले फिल्टर नंतरही उघडून बदलता येतात. शॅडोज-हायलाइट्स वापरून सावल्या थोड्या उघडा, रंगांचा तजेला किंचित वाढवा. आता या लेयरच्या तीन प्रती करा, मूळ लेयर लपवा आणि तिन्ही प्रतींचा ब्लेंडिंग मोड (लेयर खालच्या रंगात कसा मिसळतो ते) मल्टिप्लाय ठेवा.

पहिली प्रत म्हणजे पहिला फिकट वॉश, पातळ रंगाचा मोठा थर. तिला मीडियन २५ ते ३० लावा. तपशील जातात, रंगाचे मोठे पट्टे उरतात. मग लेव्हल्समध्ये खालच्या आउटपुट पट्टीवरचा काळा बिंदू १५० पर्यंत वर आणा. आता या थरात कुठेच गडद काही उरत नाही.

दुसरी प्रत मधल्या छटांची. मीडियन १२. लेव्हल्समध्ये इनपुटचा पांढरा बिंदू १८० वर आणा आणि आउटपुटचा काळा बिंदू ९० च्या आसपास ठेवा. १८० पेक्षा उजळ जे होतं ते पांढरं झालं. मल्टिप्लायमध्ये पांढरं दिसतच नाही, त्यामुळे उरल्या त्या फक्त मध्यम आणि गडद जागा.

तिसरी प्रत शेवटच्या गडद फटकाऱ्यांची. मीडियन ४, इनपुटचा पांढरा बिंदू ९०. आता फक्त सर्वांत गडद आकार राहतात: पापणी, दाराची फट, फांदीची खालची बाजू.

इथपर्यंत सगळं यांत्रिक आहे. खरं काम आता सुरू होतं. तिन्ही लेयरना काळा मास्क द्या (मास्कवर काळं तिथे लेयर लपतो, पांढरं तिथे दिसतो), म्हणजे चित्र पूर्ण गायब होऊन कोरा कागद दिसेल. मग मोठा, खडबडीत कडांचा ब्रश घेऊन पहिल्या लेयरच्या मास्कवर पांढऱ्या रंगाने रंगवायला लागा. फोटो वॉशसारखा कागदावर उमटू लागतो. चौकटीच्या कडेपर्यंत जाऊ नका. जिथे चमक आहे ती जागा सोडा. दोन आकारांच्या मधे केसाएवढी पांढरी फट राहिली तर राहू द्या, जलरंगात ती हमखास असते, कारण ओले रंग एकमेकांत शिरू नयेत म्हणून चित्रकार ती ठेवतो. दुसऱ्या लेयरवर ब्रश लहान करा आणि निम्मंच रंगवा. तिसऱ्यावर आणखी लहान ब्रश, आणि फक्त जिथे नजर थांबायला हवी तिथे.

पहिल्या वेळी हे मास्क रंगवायला दोन-तीन तास लागतील. ते लागू द्या. फोटो आणि चित्र यांतला फरक याच वेळात तयार होतो.

मल्टिप्लायच का? ओपॅसिटी कमी करून चालणार नाही?

ओपॅसिटी कमी केली की दोन रंगांची सरासरी निघते. वरचा थर फिकट असेल तर खालचा गडद रंगही फिकट होतो, जणू वरून दुधाळ पडदा टाकला. जलरंगात हे होत नाही. तिथे वरचा थर खालच्या थराला उजळ करू शकत नाही. मल्टिप्लायमध्ये दोन्ही रंगांचा गुणाकार होतो. पांढरा म्हणजे १ धरला, तर ०.८ आणि ०.५ मिळून ०.४ होतात, म्हणजे दोन्हींपेक्षा गडद. रंगीत काचेचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवल्यावर जे होतं तेच.

निळ्यावर पिवळा दिला तर हिरवा येत नाही, करडा किंवा काळा येतो. काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही, पडद्याचे रंग रंगद्रव्यासारखे वागत नाहीत. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांची सरासरी काढली तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे १२८ येतात, म्हणजे करडा. त्यांचाच मल्टिप्लाय केला तर तिन्ही ० येतात, म्हणजे काळा. खऱ्या रंगद्रव्यांत शुद्ध असं काही नसतं. निळा रंग थोडा हिरवा प्रकाशही परावर्तित करतो, पिवळाही करतो, आणि दोघांत समान असलेला तो हिरवा उरतो.

म्हणून पॅलेटमध्ये टोकाचे रंग ठेवू नका. निळ्यासाठी ९०, १७०, २२० आणि पिवळ्यासाठी २५०, २२५, ८० हे आकडे टाकून पाहा. मल्टिप्लायमध्ये ८८, १५०, ६९ येतो, कोवळ्या गवतासारखा हिरवा. हा आकडा मी स्वतः कागदावर मांडून पाहिला तेव्हा फार आनंद झाला होता, कारण तोवर मी प्रत्येक हिरवा वेगळा निवडत होते.

रंगद्रव्यं प्रकाश किती शोषतात आणि किती विखुरतात यावरून मिश्रणाचा रंग काढणारं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलं. रेबेल या सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये, त्याच विचारावर आधारलेलं रंगमिश्रण आलं. तिथे निळा-पिवळा मिसळला की थेट हिरवा मिळतो.

वॉशच्या गडद कडा कशा आणायच्या?

सोपा उपाय ब्रशच्या सेटिंगमध्येच आहे. फोटोशॉपच्या ब्रश पॅनेलमध्ये 'वेट एजेस' ही खूण करा. मग फटकाऱ्याचा मध्य विरळ आणि कड दाट होते. अशा ब्रशने मास्क रंगवला तर कडेला फोटो जास्त उमटतो आणि गडद कड आपोआप मिळते. एक लक्षात ठेवा, पेन न उचलता पूर्ण आकार रंगवला तर त्याची एकच सलग कड येते. दर वेळी उचललं तर आतमध्ये कडांची जाळी तयार होते. आभाळासाठी न उचलता, झाडीसाठी उचलत उचलत, असं मी करते.

दुसरा उपाय लेयर स्टाइलमधला इनर ग्लो. मोड मल्टिप्लाय, उगम कडेकडून, आकार ४ ते ८ पिक्सेल, रंग त्या वॉशपेक्षा एक छटा गडद, ओपॅसिटी ३० टक्क्यांच्या आत. सर्व बाजूंनी सारखी कड आली की ती यांत्रिक दिसते, म्हणून मग मास्कच्या काही कडा मऊ ब्रशने विरवून टाका. जिथे कड हरवते तिथे चित्र श्वास घेतं.

ओल्यावर ओला रंग पसरल्यासारखा परिणाम?

गॉसियन ब्लर लावून हा परिणाम मिळत नाही. ब्लर सगळीकडे सारखा पसरतो. पाणी तसं पसरत नाही, एका बाजूला झेपावतं, दुसरीकडे अडतं, मधेच बोटं फुटल्यासारखं पुढे सरकतं.

माझ्या मते यावर एकच समाधानकारक उपाय आहे, आणि तो संगणकाबाहेरचा आहे. जाड जलरंग कागदावर कोणत्याही एका गडद रंगाचे डाग पाडा. काही ओल्या कागदावर, काही कोरड्या, काही अर्धवट वाळल्यावर पाण्याचा थेंब सोडून. पूर्ण वाळल्यावर ६०० पीपीआयवर (दर इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करा, रंग काढून टाका, लेव्हल्सने कागद पूर्ण पांढरा करा. मग चित्राचा रंग उलटा करून तो मास्कमध्ये चिकटवा. तुमच्या आभाळाला खऱ्या पाण्याची कड मिळते. स्कॅन उलटा न करता त्याचा ब्रशही करता येतो, कारण फोटोशॉप ब्रश बनवताना काळं ते रंग आणि पांढरं ते रिकामं असं धरतं. वीस-पंचवीस डाग जमवलेत की ते वर्षानुवर्षं पुरतात. फिरवून, उलटवून, ताणून वापरा, फक्त एकाच चित्रात तोच डाग दोनदा तसाच ठेवू नका. डोळा हे पटकन पकडतो.

कागदाचा पोत दिला की चित्र मळकट का दिसतं?

बहुधा पोत सगळ्यात वर मल्टिप्लायमध्ये ठेवला असेल. मग कोऱ्या कागदावरही करडे ठिपके पडतात आणि उजेड मरतो. खरा कागद कोऱ्या जागी जवळजवळ सपाट दिसतो. पोत दिसतो तो रंग खळग्यांत साचल्यामुळे, म्हणजे रंग असेल तिथेच.

त्यासाठी पोताचा लेयर ओव्हरले मोडमध्ये ठेवा. ओव्हरलेच्या गणितात खालचा शुद्ध पांढरा पांढराच राहतो, त्यामुळे पोत रंगीत भागात उठून दिसतो आणि कोरी जागा स्वच्छ राहते. ओपॅसिटी २० ते ४० टक्के. चित्र १०० टक्के झूमवर पाहूनच ठरवा, लहान दृश्यात अंदाज चुकतो.

पोत स्वतः बनवायचा असेल तर कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम खरखरीत, कागद खिडकीशी ठेवून, उजेड अगदी कडेने येईल असा फोटो काढा. रंग काढा आणि हाय पास फिल्टर २० च्या आसपास लावा. उजेडाचा चढउतार जातो आणि मधल्या करड्याभोवतीचा पोत उरतो, जो ओव्हरलेला हवा तसाच असतो. हॉट प्रेस कागद इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत असतो, त्याचा पोत फारसा मिळणार नाही. रफ कागदाचा पोत लहान चित्राला फार होतो.

पेन्सिलच्या रेघा कशा आणाव्यात?

फोटोची प्रत घेऊन कृष्णधवल करा. तिची आणखी एक प्रत काढून रंग उलटे करा आणि मोड कलर डॉज ठेवा. पडदा पांढरा होईल, घाबरू नका. वरच्या प्रतीला गॉसियन ब्लर ३ ते ८ दिला की रेघा उगवतात. दोन्ही लेयर एकत्र करून मल्टिप्लायमध्ये ३० टक्क्यांवर ठेवा. मग मास्क घेऊन निम्म्या रेघा पुसा. सगळ्या ठेवल्या तर रंगवायच्या वहीतलं पान दिसतं.

फिल्टर गॅलरी करड्या अक्षरांत दिसते, उघडतच नाही.

फाइल १६ बिटची किंवा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगपद्धतीतली, असेल. फिल्टर गॅलरीला ८ बिट आणि आरजीबी लागतं. इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन बदला. मीडियन मात्र १६ बिटवरही चालतो, त्यामुळे वरची पद्धत तुम्ही १६ बिटमध्येच पूर्ण करू शकता.

मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे जमेल का?

पूर्णपणे. गिंपमध्ये लेयर, मास्क, मल्टिप्लाय, ओव्हरले, लेव्हल्स आणि मीडियन हे सगळं आहे. मीडियनऐवजी तिथला मीन कर्व्हेचर ब्लर वापरून बघा, तो कडा गोलाकार वितळवत नेतो आणि परिणाम ओलसर दिसतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर नंतर बदलता येतात, त्यामुळे स्मार्ट ऑब्जेक्टची उणीव बरीच भरून निघाली आहे. जीमिक हे प्लगइन जोडलंत तर चित्रकारी फिल्टरांचा मोठा साठा मिळतो. त्यातला कुवाहारा नक्की वापरा. १९७६ मध्ये वैद्यकीय प्रतिमांसाठी हा फिल्टर सुचवला गेला. तो प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार तुकडे पाहतो आणि ज्यात चढउतार सर्वांत कमी त्याची सरासरी घेतो. त्यामुळे आतला भाग सपाट होतो पण कड शाबूत राहते, आणि कुंचल्याच्या ठशासारखे तुकडे पडतात.

हाताने रंगवायचं असेल तर क्रिता घ्या. तेही मोफत आहे आणि त्यात जलरंगाचे ब्रश तयार मिळतात. त्यांत पाणी प्रत्यक्ष वाहत नाही, ठशांच्या आणि मिसळण्याच्या जोरावर तसं भासवलं जातं. तरी मास्क रंगवायला ते उत्तम आहेत.

रेबेल, पेंटर, फ्रेस्को यांत काय वेगळं आहे?

यांत पाण्याचं अनुकरण होतं. रंग लावल्यावर काही क्षण तो पसरत राहतो, आणि तुम्हाला तो ओला ठेवता येतो किंवा वाळवता येतो. रेबेलमध्ये कॅनव्हास तिरका करून ओघळ हवा तिकडे वळवता येतात. कोरल पेंटरमध्ये जलरंगासाठी वेगळे लेयर आहेत. अडोबी फ्रेस्को २०१९ मध्ये आलं, त्यातल्या लाइव्ह ब्रशने जवळ जवळ लावलेले दोन ओले रंग एकमेकांत उतरतात.

फोटोवर प्रक्रिया करण्यासाठी मला फोटोशॉप किंवा गिंप सोयीचं वाटतं. चित्र नव्याने रंगवायचं असेल तर रेबेल. दोन्ही जोडताही येतात: वॉश रेबेलमध्ये करून त्याची पारदर्शक फाइल मास्कसाठी आणायची.

पेन टॅब्लेट लागतोच का?

फिल्टर आणि स्कॅन केलेल्या डागांच्या मास्कसाठी माउस पुरतो. हाताने मास्क रंगवायचे असतील तर दाब ओळखणारं पेन हवं. ब्रश पॅनेलच्या ट्रान्स्फर भागात फ्लो पेनच्या दाबावर ठेवा आणि ओपॅसिटी स्थिर ठेवा. दोन्ही दाबावर ठेवलं की हात कधीच ठाम पडत नाही.

माणसाचा चेहरा केला की बिघडतो. उपाय?

चेहऱ्यात आपण फार जास्त ठेवतो. डोळे, नाकाची खालची सावली, ओठांमधली रेघ आणि हनुवटीखालचा गडद भाग एवढं नेमकं असेल तर बाकी सगळं सोडता येतं. कपाळाचा आणि गालाचा उजेडाकडचा भाग कागदावर सोडून द्या, तिथली चेहऱ्याची कड पार्श्वभूमीत हरवू द्या. तिसऱ्या प्रतीचा मीडियन फक्त डोळ्यांपुरता २ वर आणा. त्वचेचा पहिला वॉश फोटोतल्यापेक्षा जास्त उबदार आणि सावल्या थोड्या थंड, निळसर-जांभळ्या ठेवा. सावलीत करडा किंवा काळा मिसळला की चेहरा आजारी दिसतो. आणि केस एकेक करून रंगवू नका. केस म्हणजे एक आकार, त्याच्या कडेला दोन-चार सुटलेल्या बटा.

एआयने हेच काही सेकंदांत होत असेल तर एवढा खटाटोप कशाला?

२०१५ मध्ये एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवणारी न्यूरल पद्धत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ही साधनं झपाट्याने सुधारली. पोत आणि डाग ती खरोखर छान आणतात. झटपट नमुना बघायला, रंगसंगती तपासायला मीही वापरते. पण आईच्या फोटोत तिचा हात महत्त्वाचा आहे की खिडकी, हे त्या साधनाला माहीत नसतं. ते दोन्ही सारख्याच मायेने रंगवतं. मला मायेची वाटणी स्वतः करायची असते. कोणाला चित्र देताना ते कसं बनवलं हे मात्र स्पष्ट सांगा. फोटोवरून केलेलं असेल तर तसं, एआयने केलेलं असेल तर तसं. आणि फोटो दुसऱ्याचा असेल तर आधी परवानगी घ्या.

छापण्यासाठी काय काळजी घ्यावी?

३०० पीपीआयवर ए४ साठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, ए३ साठी ३५०८ बाय ४९६१. कागद मॅट निवडा, चकचकीत कागदावर जलरंगाचा भास लगेच मोडतो.

एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती ती सांगते. पहिल्यांदा मी खऱ्या पोताच्या जाड कागदावर छापून घेतलं आणि फाइलमधला पोतही तसाच ठेवला. दोन पोत एकमेकांवर आले आणि आभाळ पुरळ उठल्यासारखं दिसू लागलं. पोताच्या कागदावर छापायचं असेल तर फाइलमधला पोताचा लेयर बंद करा, आणि खालचा उबदार पांढरा लेयरही बंद करून शुद्ध पांढरा ठेवा, नाहीतर प्रिंटर कोऱ्या जागेवरही हलकी शाई मारतो. छपाई पडद्यापेक्षा थोडी गडद येते, म्हणून छोटा तुकडा छापून पाहा आणि कर्व्ह्जने मधल्या छटा किंचित उचला. मूळ फाइल लेयरसकट ठेवा. जेपेग पुन्हा पुन्हा साठवलं की सपाट वॉशमध्ये चौकोनी डाग उमटतात.

यासाठी प्रत्यक्ष जलरंग यायलाच हवेत का?

चित्र काढता आलं पाहिजे असं नाही, पण एकदा रंग ओला असताना आणि वाळल्यावर पाहिला पाहिजे. एक कुंचला, एकच गडद रंग आणि ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, एक कागद घ्या. कागदाचे चार चौकोन करा. पहिल्यात कोरड्यावर सपाट वॉश द्या. दुसरा चौकोन आधी पाण्याने भिजवून त्यात रंग सोडा. तिसऱ्यात एक थर देऊन पूर्ण वाळू द्या आणि अर्ध्या भागावर दुसरा द्या. चौथ्यात जवळजवळ कोरडा कुंचला झपकन फिरवा. दुसऱ्या चौकोनाकडे वाळेपर्यंत दर पाच मिनिटांनी बघा, हात लावू नका. रंग वाळताना बराच फिकट होतो, तेही तिथेच कळेल. वाळलेला कागद स्कॅन करा आणि मास्क रंगवताना मॉनिटरशेजारी टेकवून ठेवा. माझा पहिला असा कागद अजून तिथेच आहे.